घरोघरचा डोस

“कोनाच्या घरी जाचं त हातात काई तरी पाह्यजे, रिकाम्या हातानं गेलं का लोक चहा देतात, पन काऊन आली म्हून तोंडाकडे पाह्यतात,” असं जनकाबाई एकदा मेहकरच्या एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला म्हणाल्या होत्या. त्या बाईची गाडी लागली, तिनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. वाक्य तिथंच बाकड्यावर राहिलं.

जनकाबाई अंभोरे यांनी सारी नोकरी जानेफळच्या आसपासच्या खेड्यांत नर्सबाई म्हणून केली. गावात त्यांना जनकाबाई कुणी म्हणत नसे. लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे शिष्टरबाई म्हणत. खांद्याला लसीची निळी पेटी, पेटीत बर्फ, पायात रबरी चपला. बांधावरून, नाल्यातून, कपाशीच्या मधल्या वाटेनं त्या चालत जात. त्यांच्यासाठी कुठलंही दार उघडं असे. ज्या घरात पाहुण्यालाही ओसरीच्या पुढं येऊ देत नसत, त्या घरात त्या सरळ बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जात. पोरं त्यांना पाहून रडत, बाया हसत, म्हाताऱ्या आपले गुडघे दाखवत. त्या वेळी त्यांना वाटायचं की ही माणसं आपली आहेत. निवृत्त झाल्यावर कळलं की दारं पेटीसाठी उघडत होती.

पेटी सरकारजमा झाली. नवरा फार पूर्वीच दुसरं घर करून वाशिमकडे निघून गेला होता. मुलगी उज्ज्वला लग्न होऊन नाशिकला. गावाच्या टोकाला, जुन्या गोदामामागं, दोन खोल्या. सकाळी त्या अंगण झाडत, मग पुन्हा झाडत. रस्त्यानं जाणारे विचारत, “काय शिष्टरबाई, बरं हाये ना?” आणि उत्तराची वाट न पाहता पुढं जात. वाईट कुणीच वागत नव्हतं. चहाला बोलावलं तर त्या जात. पण पाच मिनिटांत बोलणं संपे, आणि घरातली बाई पदरानं कपबशी पुसत उगाच उभी राही.

अशात उज्ज्वलाच्या नवऱ्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना सासूकडं पाठवून दिला. गोधडीत गुंडाळून, टेम्पोतून. त्यात नातीचे फोटो भरले होते. जनकाबाईंनी तो खिडकीपासून लांब, भिंतीशी ठेवला, वरून पांढरी चादर घातली, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून रोज थोडा वेळ त्यापुढं बसू लागल्या. एका मागून एक फोटो. नात पाळण्यात, नात आंघोळ करताना, नात रडताना. शेवटचा फोटो आला की पुन्हा पहिला.

मग एक दिवस शेजारच्या घरची बाई आपल्या भावाच्या लग्नाची सीडी घेऊन आली. लग्न दिसलं, सगळ्यांनी पाहिलं, बाया खदाखदा हसल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र चालूच होईना. मेहकरला कचरू नावाचा माणूस होता, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं ते उघडलं, पुसलं, पुन्हा सगळं नव्यानं घातलं. यंत्र चाललं. नातीचे फोटो गेले. उज्ज्वला फोनवर म्हणाली, “आई, पुन्हा पाठवते ना.” ते राहूनच गेलं.

“त्या सीडीत व्हायरस होता, शिष्टरबाई,” कचरू म्हणाला.

“व्हायरस म्हंजे? जंतू?”

“तसंच समजा. एकाचा दुसऱ्याले लागते. सीडीतून, पेन ड्राईव्हमधून. नेटवरून त जास्तच, पन तुमच्या घरी नेट नाई म्हंजे ते एक बरं. आता यात मी अँटीव्हायरस टाकला. पन एकदा टाकून भागत नाई बरं का. दर महिन्याले त्याले नवा डोस द्या लागते.”

“बूस्टर,” जनकाबाई म्हणाल्या.

“हाव! बूस्टर!” कचरूला आपण एवढं सोपं कसं सांगितलं याचंच कौतुक वाटलं. “नवे जंतू निघतात ना दर महिन्याले. जुना डोस त्याहिले ओळखत नाई. तुमच्याकडे नेट नाई, म्हून तुमी पेन ड्राईव्ह घेऊन माह्याकडे या. मी अपडेट भरून देतो. घरी जाऊन लावा, झालं.”

जनकाबाईंना त्या दुकानात, तुटक्या स्टुलावर बसल्या बसल्या, काहीतरी परत मिळाल्यासारखं झालं. काय ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

त्यांनी पेन ड्राईव्ह घेतला. घरी एक स्टीलची डबी होती, तिच्यात कापूस घातला, त्यावर तो ठेवला. महिना भरला की मेहकरची गाडी धरायची, डोस घ्यायचा, डबी मांडीवर धरून परत यायचं. कचरूनं सांगितलेलं सारं त्या नेमानं पाळत. कुणाचीही सीडी लावायची तर शिफ्टचं बटण दाबून धरायचं, म्हणजे ती आपोआप चालू होत नाही. ड्राईव्हवर धाडकन दोनदा टिचकी मारायची नाही. आधी स्कॅन, मग उघडणं. रोजच्या कामाला वेगळं साधं खातं, त्याला पासवर्ड. जे आपण मागवलं नाही ते यंत्र विचारत असलं, तर ‘हो’ म्हणायचं नाही. दर शनिवारी लाईट असली की पूर्ण तपासणी. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकत जाई, आणि त्या समोर खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसून राहत. शेवटी यंत्र इंग्रजीत सांगे की काही धोका सापडला नाही. त्या ते अक्षर अक्षर वाचत. दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोललेलं ते एवढंच, असं कितीदा तरी होई.

पुढची गोष्ट बिलकिसच्या घरापासून सुरू झाली. बिलकिसची दोन्ही बाळंतपणं जनकाबाईंनीच केली होती. तिचा नवरा सईद रियाधला ड्रायव्हर होता; घरी बिलकिस, तिची सासू शाहजादी आणि पोरी. सईद दोन वर्षांपूर्वी सुटीवर आला तेव्हा त्यानं कॉम्प्युटर घेऊन दिला होता, आणि गावचं कुणी तिकडून यायचं झालं की तो पेन ड्राईव्हमध्ये फोटो भरून पाठवी; फोटो यंत्रात उतरवले की पेन ड्राईव्ह परत जाई. सईद गाडीपाशी, सईद खजुराच्या झाडाखाली, सईद आठ जणांच्या खोलीत खाटेवर बसून भाकरीसारखं काही खाताना. बाजारात भेट झाली तेव्हा बिलकिस म्हणाली, “आपा, आमचा कॉम्प्युटर लई हळू चालून राह्यला. त्याले काई झालं का हो?”

“डोस देला का त्याले?”

“कशाचा डोस?”

जनकाबाई दुसऱ्या दिवशी डबी घेऊन गेल्या. आतल्या खोलीत त्यांना बसायला खुर्ची मिळाली. शाहजादी खाटेवरून पाहत होती.

“अगं शिष्टर, लोखंडाले बी सुई देते का आता?”

“लोखंडाले नाई जी, आतल्या अकलेले.”

“मंग माह्या सुनेले बी दे एक,” म्हातारी म्हणाली, आणि बिलकिस पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्या घरून निघताना अंधार पडत आला होता. त्या जेवून निघाल्या होत्या.

बिलकिसनंतर उत्तमराव. त्यांचं बी-बियाणांचं दुकान होतं, आणि पोरींच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला कॉम्प्युटर घरी होता. मग रामराव गुरुजी. मग अमडापुरात गुरुजींच्या बहिणीकडं. गावात कॉम्प्युटर तरी होते किती. पण जितके होते तितक्या घरी महिन्यातून एकदा शिष्टरबाई जाऊ लागल्या. जुन्या सवयीनं त्या वार ठरवून निघत, आणि त्याला लसीकरणासारखंच ‘सत्र’ म्हणत. डोस देऊन झाला की पल्स पोलिओच्या वेळी दारावर करत तशी खडूची एक बारीक खूण यंत्राच्या मागं करत. उत्तमरावांची बायको तानुबाई त्यांची मनापासून थट्टा करी.

“शिष्टरबाई, याच्या बोटाले शाई लावा ना! नाईतर उद्या दुसरी नर्स येईन अन् अजून एक डोस पाजून जाईन.”

“बोट दाखव म्हना त्याले.”

“ह्या माऊसची शेपटी चालते का?”

मग चहा. मग पोरीचं लग्न कुठं जमवावं, सासूच्या पायाची सूज कशानं उतरेल, शेजारच्या घरी काल काय झालं. यंत्र आपलं काम करत राही आणि पट्टी जितकी हळू सरके तितकं जनकाबाईंना बरं वाटे. कधी कधी पट्टी संपली तरी त्या सांगत नसत. त्या वर्षी त्यांचं अंगण दिवसातून एकदाच झाडलं जाई.

कुणी विचारलं असतं की त्यांना या सगळ्यातून काय हवं आहे, तर त्या म्हणाल्या असत्या, लोकांचे फोटो जाऊ नयेत, दुसरं काय. ते खरंही होतं. पण रात्री दिवा मालवल्यावर त्या ज्या एका गोष्टीला जपत, ती म्हणजे फोटो नव्हते. उद्या कुठल्या घरी जायचं हे ठाऊक असणं, हीच ती गोष्ट.

हिवाळा लागला, तूर फुलावर आली, तेव्हा गुरुजींनी निरोप पाठवला. त्या गेल्या. पडद्यावर एक फोल्डर होतं. ते उघडलं की आत त्याच नावाचं फोल्डर, ते उघडलं की पुन्हा तेच. आतलं काही मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तानुबाईकडं गेल्या तर तिथंही तेच. पोरीनं शाळेसाठी लिहिलेला प्रकल्प नाहीसा. बिलकिसकडं जायला त्यांचे पाय उचलेनात, पण गेल्या. सईदच्या फोटोंचं फोल्डर दिसत होतं आणि उघडलं की आत सईद नव्हता. शाहजादी म्हणाली, “माहा पोरगा कुठी गेला वं शिष्टर?” म्हातारीनं ते गमतीनं म्हटलं की कसं, हे जनकाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी आपला कॉम्प्युटर लावला. तिथंही तेच. तेव्हा त्या उठल्या आणि मिळेल ती गाडी पकडून मेहकरला गेल्या.

कचरूनं पेन ड्राईव्ह लावून पाहिला आणि जीभ चावली. “फोल्डरवाला व्हायरस हाये. नवा हाये, मागच्या डोसात याचं नाव नव्हतं. हे फोल्डर नाई शिष्टरबाई, फोल्डरचं सोंग घेतलेला प्रोग्राम हाये. उघडला का पसरला.”

“आला कुठून?”

“आता कुठून आला म्हनावं…” कचरूनं क्लासकडं पाहिलं. सकाळच्या बॅचची पोरं येऊन बसली होती. एकेक जण आपला पेन ड्राईव्ह काढून यंत्रात खुपसत होता.

“मले तू डोस कोन्त्या मशीनमधून भरून देत होता?”

“ह्याच ना. नेट ह्याच मशीनले हाये.”

“अन् हे सगळे बी ह्याच मशीनले लावतात?”

“मंग? क्लास हाये बाई.”

जनकाबाईंना कचरूचा राग आला नाही; तो रेडिओवाला होता, त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना शिकवलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला काचेच्या पिचकाऱ्या असत, आणि एका लेकराला टोचलेली सुई चुलीवर उकळल्याशिवाय दुसऱ्याच्या दंडाजवळही न्यायची नाही, हे त्यांच्या हाडात बसलं होतं. चूल पेटेपर्यंत त्यांनी रडणाऱ्या लेकरांच्या रांगा थांबवल्या होत्या. आणि तीच बाई एकच पेन ड्राईव्ह, कापसात ठेवून, डबीत घालून, बिलकिसकडून उत्तमरावांकडं, उत्तमरावांकडून गुरुजींकडं, घरोघर टोचत गेली. प्रत्येक वेळी तो आधी यंत्रात, मग यंत्रातून परत डबीत. डबी स्वच्छ होती म्हणून त्यांना सगळंच स्वच्छ वाटलं. रोग पोचवायला त्यांच्याहून चांगला माणूस त्या व्हायरसला मिळाला नसता. त्यांच्यासाठी कुणी दार लावत नव्हतं.

“फोटो गेले का?” त्यांनी विचारलं.

“जात नाईत. तो व्हायरस खऱ्या फोल्डरले लपवते फक्त. घाईनं फॉरमॅट मारू नका म्हना कोनाले. हा प्रोग्राम काढला अन् एक कमांड देली का सगळं दिसते.”

“मले शिकव.”

त्या दोन दिवस कचरूकडं जात राहिल्या. काळ्या पडद्यावर ती एकच ओळ पुन्हा पुन्हा टाईप करून त्यांनी ती पाठ केली. पेन ड्राईव्ह त्यांनी तिथंच सोडून दिला. कचरूच्या मागच्या खोलीत एक यंत्र होतं, त्याला कुणी हात लावत नसे. ते पुसून त्याच्यावरून त्यांनी कोऱ्या सीड्यांवर औषध भरून घेतलं. सीडीवर एकदा लिहिलं की वरून दुसरं काही बसत नाही. एका घराला एक सीडी, आणि ती त्या घरातून बाहेर यायची नाही. आपल्या घरी त्यांनी ती आधी चालवून पाहिली. फोल्डरं उघडली, खोटी गेली, खरी आली. त्यात फारसं काही नव्हतंच.

पहिल्यांदा त्या उत्तमरावांकडं गेल्या. उत्तमराव ओसरीत पेपर वाचत होते.

“या शिष्टरबाई, या. तानू, चहा ठेव वं.”

“चहा राहू द्या. उत्तमराव, तुमच्या कॉम्प्युटरचं जे झालं ना, ते माह्यामुळं झालं. माह्या पेन ड्राईव्हमधून आलं.”

“हाव, ते गुरुजी सांगून राह्यले होते.” उत्तमरावांनी पेपरची घडी घातली. “अहो चालते. मानसाकडून होते. तुमी मुद्दाम थोडीच केलं?”

“मी औषध आनलं हाये. पोरीचा प्रकल्प परत येते. फक्त दहा मिनिटं आत…”

“राहू द्या हो आता. आमच्या साल्यानं पाह्यलं, तो अकोल्याले असते.” आणि मग हसून, “तुमाले किती ताप द्यायचा आमी? तुमी आता आराम करा. बसा, चहा घ्या.”

तानुबाई चहा घेऊन आली. शेपटीची थट्टा तिनं केली नाही. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. जनकाबाई तो सगळा प्यायल्या.

गुरुजींच्या दाराला आतून कडी होती. आतून रेडिओ ऐकू येत होता, तरी त्यांनी दोनदाच वाजवलं.

बिलकिसकडं जायला त्या मधल्या वाटेनं निघाल्या. मशिदीमागची गल्ली, नालीवरची फरशी, मग तिचं हिरवं दार. त्यांनी मनात ठरवलं होतं की इथं मात्र ऐकायचं नाही. उत्तमरावांच्या पोरीचा प्रकल्प पुन्हा लिहिता येतो. सईदचे फोटो पुन्हा कोण काढणार? तो पुढच्या दोन वर्षांत यायचा नव्हता. त्यासाठी बिलकिसनं तोंड फिरवलं, म्हातारीनं शिव्या दिल्या, तरी आत जायचं, ती ओळ टाईप करायची, आणि फोटो दिसले की मग काय बोलायचं ते बोलायचं. एवढं एक झालं तर पुढचं सगळं चालेल. त्या चालता चालता ती ओळ पुटपुटत होत्या.

“या ना आपा, या,” बिलकिसनं दार उघडलं. तिनं त्यांचा हात धरला, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. “किती दिवसांनी. वाळून गेल्या तुमी.”

“बिलकिस, मी तुह्या फोटोंसाठी आली. ते गेले नाईत. लपलेले हायेत. मी आता काढून देते.”

बिलकिसनं ओढणी नीट केली. ती केलेलीच होती.

“आपा, तो बिघडूनच गेला आता. चालूच नाई होत. मी त त्याले कपडा घालून ठेवून देला.”

“मी पाह्यते ना. चालू होईन.”

“नाई आपा, राहू द्या. आता जेव्हा ते येतीन, तेव्हा पाह्यतीन.” मग घाईनं, “चहा ठेवते. वडे बी केले आज. खाऊनच जा.”

ती उठली आणि आतल्या खोलीचा पडदा सरला, क्षणभरच. तेवढ्यात जनकाबाईंना यंत्राच्या पंख्याची ती बारीक घरघर ऐकू आली, जी त्यांनी झोपेतही ओळखली असती. पडदा परत पडायच्या आत त्यांनी पाहिलं. म्हातारी शाहजादी खाटेवरून पुढं वाकून बसली होती. तिच्या चष्म्यावर निळा उजेड होता. यंत्राच्या पडद्यावर सईद होता, खजुराच्या झाडाखाली, डोळे बारीक करून. थोरल्या पोरीनं बटण दाबलं आणि दुसरा सईद आला. म्हातारीनं हात उंचावून पोरीला थांबवलं. तिला तो अजून पाहायचा होता.

कुणीतरी येऊन गेलं होतं. कुणीतरी ती ओळ टाईप केली होती, किंवा दुसरी एखादी. फोटो दिसत होते, सगळे, जागच्या जागी. जनकाबाईंना खरोखर बरं वाटलं. ते बरं वाटणं त्यांच्यात इतकं स्पष्ट होतं की आपल्याला आता इथं काहीच काम उरलं नाही, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

बिलकिस बशीत वडे घेऊन आली. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग पडद्याकडं, आणि तिला कळलं की यांनी पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती वाईट बाई नव्हती. आपाला वाईट वाटू नये म्हणूनच ती खोटं बोलली होती.

“गरम हायेत,” ती शेवटी म्हणाली. “घ्या ना आपा.”

जनकाबाईंनी एक वडा घेतला. तो त्यांनी नीट, सावकाश खाल्ला, कारण केलेलं टाकू नये. आतल्या खोलीत पोरगी हलक्या आवाजात आजीला काहीतरी विचारत होती आणि आजी तिला चूप करत होती. बिलकिस समोर बसून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. जनकाबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, रिकामा करून खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. बिलकिसही अर्धी उठली, काहीतरी म्हणणार होती. त्यांनी तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवला, चपला पायात सरकवल्या, हिरवं दार मागं हलकेच ओढून घेतलं आणि गल्लीत निघून गेल्या.